कसणाऱ्याचा रकाना

मी बोटीनं परदेशातल्या बंदरात जाऊन आले हे कळल्यापासून आदिलाबादेत आमच्या गल्लीतल्या बायका विचारतात, मरीना म्हणजे काय असतं. मी सांगते, बोटींचा गोठा. फरक एवढाच की गोठ्यातली जनावरं सकाळी चरायला तरी सुटतात. तिथं निम्म्या बोटी दावणीलाच, आणि मालक अर्ध्या चड्डीवर त्यांचे कठडे पुसत बसलेले.

लेक आणि जावई मलेशियात असतात, दोघंही इंजिनियर. शिडाची बोट घेतली आहे. तिच्यातून त्यांनी मला थायलंडच्या एका बंदरात नेलं. वाटेत मी बघत होते. शीड चढवायचं लेकीनं, नकाशा बघायचा लेकीनं, खिचडीही लेकीनंच टाकायची. जावई दुर्बीण घेऊन समुद्र बघत. समुद्र काही कुठं पळून जात नव्हता.

मरीनात शिरताना मात्र ते सुकाणूवर आले आणि ओरडायला लागले. "दोर! अगं, दोर फेक! तिकडं नाही!" शेजारच्या बोटींवरही कुठल्या कुठल्या देशांचे नवरे आपापल्या बायकांवर याच सुरात ओरडत होते. एवढी एक भाषा सगळ्यांना येते असं दिसलं. जिच्या हाताखाली आठ माणसं काम करतात ती माझी लेक मान खाली घालून "हो, हो" म्हणत होती. ते मला सोसवलं नाही.

परदेशी बंदरात पिवळं निशाण लावून थांबावं लागतं. कागद पास होईपर्यंत फक्त कप्तान उतरतो, बाकीच्यांनी बोटीवरच बसायचं. धक्क्यावरच्या माणसानं फॉर्म दिला. जावई म्हणाले, "आई, तुम्ही कचेरीतल्या. तुम्हीच भरा." आणि इस्त्रीचा पांढरा शर्ट घालायला खाली गेले.

मी तहसील कचेरीत तीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी पहाणी लिहिण्यात. पहाणी म्हणजे जमिनींची सरकारी नोंदवही. तिच्यात पट्टेदार, म्हणजे कागदावरचा मालक, एका रकान्यात असतो आणि प्रत्यक्ष कसणारा दुसऱ्या. इथं रकाना एकच होता, कप्तानाचा. मी लेकीचं नाव लिहिलं. खाली खलाशी म्हणून जावई, मग मी. बोट चालवायचं लायसन्स दोघांकडे होतंच. ती पहिल्या खेपेला पास झाली होती, हे दुसऱ्या. लेकीनं दोर आवळता आवळता, न वाचताच सही केली.

जावई टोपी घालून वर आले. त्या माणसानं कागद बघितला, त्यांना हातानंच बसायची खूण केली आणि लेकीला बोलावलं.

"आई, हे काऊन केलं तू?" ती हळूच म्हणाली.

"बोट कोण चालवून राह्यलं ते लिहिलं," मी म्हणाले.

ती गेली. जावई पिवळ्या निशाणाखाली दोन तास बसून होते, टोपी मांडीवर ठेवून. मला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं सांगायचं तर मजाच वाटली.

लेक शिक्के मारलेले पासपोर्ट घेऊन आली तेव्हा ताठ चालत होती. निशाण उतरवता उतरवता ती मला म्हणाली, "आई, आपलं बाजारहत्नूरचं वावर तर आजीच कसायची ना? आजोबा तर पारावरून उठत नसत. मंग पहाणीत तू आजीचं नाव लिवलं होतं का?"

मी उतरवलेल्या निशाणाची घडी घालायला घेतली. त्या गावची पहाणी पाच वर्षं माझ्याच हातानं लिहिली गेली. सासूबाई पेरणीपासून कापूस वेचण्यापर्यंत वावरात असत, हे मला रोज दिसत होतं. आणि मी दोन्ही रकान्यांत सासऱ्यांचं नाव लिहीत होते. कोणी सांगितलं नव्हतं, कोणी विचारलंही नव्हतं. अक्षर मात्र फार सुरेख काढलं होतं.