एका पेशंटचे सात भाऊ

"तू कोण?"

"भाऊ."

"वाल्मीकचा? सख्खा?"

"सख्ख्यासारखाच, सिस्टर."

"मग काल आला होता तो?"

"तोबी भाऊच."

परवाचाही भाऊच होता. रोज नवा भाऊ, आणि एकाचंही नाक दुसऱ्याशी जुळत नाही. सगळ्यांत सारखं एवढंच की डोळे लाल आणि केसांत धाग्यांचा भुसा. सुरतेतल्या बमरोलीच्या कापडाच्या लूमवर रात्रपाळी करून ते थेट आमच्या रेडिएशन विभागात यायचे. सोबत वाल्मीक. वय चाळिशीच्या आत, गालाचा कॅन्सर, ऑपरेशन झालेलं. पुढे साधारण दीड महिना, शनिवार-रविवार सोडून रोज रेडिएशन आणि आठवड्यातून एकदा केमो.

तेव्हा मी नुकतीच त्या विभागाची इन्चार्ज झाले होते. आयुष्यभर दुसऱ्यांच्या हाताखाली नर्सिंग केलेल्या बाईला रिटायरमेंटच्या तोंडावर खुर्ची मिळाली की ती खुर्चीवर बसत नाही, खुर्ची तिच्यावर बसते. एक पेशंट, एक नातेवाईक, एक कार्ड, असा माझा नियम होता. कार्ड मी स्वतः लॅमिनेट करून घेतली होती. सुरतेच्या दमट हवेत कार्ड मऊ पडलेलं मला खपत नसे. तेव्हा मी आजी झाले नव्हते, त्यामुळे आपलं कोणी ऐकत नाही ही जाणीव व्हायची होती.

त्या भावाचं नाव भटू. तिशीचा, बोलायला धीट. मी त्याला अडकवायचं ठरवलं.

"काल केमो झाली ना? रात्री काय झालं सांग बघू. तू तर लूमवर होतास."

"दोनदा उलटी झाली. दुसऱ्या वेळी नुसतं पाणी पडलं. गोळी दिल्यावर झोपला. पहाटे तांब्याभर पाणी प्याला, लघवीला गेला. डाव्या गालात आतून पांढरं धरतंय. मीठ-सोड्याच्या गुळण्या झाल्या."

एवढं तर आमच्या ट्रेनी पोरींनाही सलग सांगता येत नाही. शहाण्या बाईने तिथंच गप्प बसायला हवं होतं. मी म्हणाले, "ते ठीक आहे. पण उद्यापासून एकच माणूस पाहिजे, घरचा. नाहीतर मशीनवर घेणार नाही."

हे शेवटचं वाक्य मी नुसती थाप म्हणून म्हटलं होतं. पेशंटला मशीनवर न घेण्याचा अधिकार मला नव्हता. पण त्या बिचाऱ्यांना ते कुठं माहीत. तीन दिवसांत शिरपूरकडून वाल्मीकची बायको आली. सुरेखा. दोन मुलांना सासूपाशी ठेवून, एका पिशवीनिशी. वाल्मीकही लूमवरचाच, ह्या सात भावांबरोबर एका खोलीत राहणारा. त्या आठ पुरुषांच्या खोलीत तिची सोय होईना, म्हणून वाल्मीकला घेऊन ती उधन्याला लांबच्या मावशीकडे राहिली. मी तिचं कार्ड केलं. फोटो छान आला होता.

आता थोडं समजावून सांगते. तोंडाच्या रेडिएशनला पेशंट जराही हलून चालत नाही. म्हणून प्लास्टिकची जाळी गरम पाण्यात मऊ करून त्याच्या चेहऱ्यावर दाबतात, ती थंड होऊन कडक झाली की झाला त्याचा मास्क. रोज तोच मास्क लावून, टेबलाला चाप लावून झोपवायचं. पण तिसऱ्या आठवड्याच्या सुमारास तोंड आतून सोलवटतं. घोटभर पाणी गिळणं म्हणजे काच गिळणं. मग पेशंट खात नाही. वजन उतरतं. वजन उतरलं की मास्क ढिला. मास्क ढिला की नवा मास्क, नवं प्लॅनिंग, आणि मधे ट्रीटमेंटला खंड. तो खंड कॅन्सरला फार आवडतो. खंड पडला की काही पेशंट 'गावाकडे जाऊन येतो' म्हणतात आणि परत येत नाहीत. मला भीती होती ती त्याचीच.

सुरेखा आल्यापासून वाल्मीकचं वजन घसरायला लागलं.

ती बाई काय करत नव्हती? पातळ पेज, गाळलेलं वरण, मऊ शिरा. रात्रभर उशाशी बसायची. दिवसा रिक्षाने आणायची, केमोच्या दिवशी तासन् तास सलाईनकडे बघत राहायची, परत न्यायची. विचारलं की वाल्मीक मान हलवून सांगायचा, खाल्लं. वजनकाटा सांगायचा, नाही खाल्लं. मी सुरेखालाच बोलले, "अगं, नीट लक्ष दे." तिने पदराने तोंड पुसलं. आज आठवलं की स्वतःचेच कान धरावेसे वाटतात. ते धरले की चष्मा सरकतो, म्हणून सोडून देते.

एके दिवशी नाव पुकारलं तर वाल्मीक जागेवर नाही. बाकावर सुरेखा बसल्याबसल्या झोपलेली, तोंड उघडं, पिशवी मांडीवर. बाथरूम पाहिलं, कँटीन पाहिलं, गेटवर विचारलं. मला वाटलं, गेला हा स्टेशनला. भुसावळकडची गाडी धरली असेल. जुन्या कागदावर भटूचा नंबर होता, तो लावला. पलीकडे खोलीशेजारच्या लूमची खडखड आणि झोपेतला आवाज.

"इथंच आहे, सिस्टर. खोलीवर येऊन आपल्या खाटेवर निजलाय. आमी आणतो."

मशीन बंद व्हायच्या आत त्यांनी त्याला आणलंही. भटू आणि सोबत नाना. नाना पन्नाशीचा, लूमच्या आवाजाने कानाने अर्धा. त्याच्याशी बोलायचं म्हणजे अख्ख्या विभागाशी बोलायचं. वाल्मीक आत मशीनवर गेला आणि बाहेर कॉरिडॉरमध्ये भटू नानाच्या कानाशी ओरडून सांगू लागला.

"मी चाललो झोपायला. आता वाडगाभर पातळ डाळ गेलीय. पुढची अर्ध्या तासाने. दुखायची गोळी दिली नाही, ती खाण्याच्या आधी द्यायची, नंतर नको. आज चिडचिड करतोय, मनावर घेऊ नको."

"आनि ताप?"

"नाही. पण हात लावत राहा."

मी फाइल हातात धरून उभीच राहिले. लूमच्या खात्यात पाळी बदलताना असंच चालतं, हे मला नंतर भटूने सांगितलं. जाणारा कारागीर येणाऱ्याला सांगून जातो, अमक्या लूमचे धागे तुटताहेत, तमक्याला तेल हवंय. लूम थांबत नाही, माणूस बदलतो. आम्ही वॉर्डात ड्यूटी संपताना हेच करतो. त्याला हँडओव्हर म्हणतो, म्हणून ते भारी वाटतं.

वाल्मीक बाहेर आला तेव्हा सुरेखा जागी झाली होती. नवऱ्याला पाहून आधी रडली, मग चिडली.

"मला न सांगता गेले. मी काय वाईट करत होते?"

वाल्मीकला बोलता येत नव्हतं. जीभ सुजलेली. तरी तो अहिराणीत कसाबसा म्हणाला, "तुन्हासमोर रडता येत नही." मग नानाकडे बोट करून, "यासनासमोर लाज नही."

नाना हे ऐकू न येताच हसला. "पी रे, राजा," त्याने डाळीचा ग्लास पुढे केला. "का तुले चांदीना चमचा पाहिजे?" वाल्मीकने डोळे मिटून, शिव्या देत, तो ग्लास संपवला. सुरेखाच्या पेजेला त्याने कधी शिवी दिली नव्हती. तिला तो फक्त 'छान झाली' म्हणायचा आणि ती मोरीत ओतायचा.

सुरेखा माझ्याकडे वळली. "ताई, एक सांगू? ह्यांना लूमवर सुट्टी लागली तर बदली कामगार असतो. मला एक बदली द्या. मला झोपायचंय."

इतक्या वर्षांत पेशंटच्या बायकोने माझ्याकडे झोप मागितली ती पहिल्यांदा. इतर बायकांनी मागितली नाही, याचा अर्थ त्यांना नको होती असा नाही.

पण उशीर झाला होता. त्याच दुपारी आमच्या डॉक्टर नीलाबेननी वजन पाहिलं आणि म्हणाल्या, "नळी नाखवी पडशे." म्हणजे नाकातून पोटात जाणारी बारीक नळी घालायची, आणि सिरिंजने त्यातून अन्न द्यायचं. बेड एकही रिकामा नव्हता. घरी पाठवायचं तर नळी सांभाळणारा शिकलेला माणूस हवा. चुकून नळी सरकली आणि अन्न फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल.

"पत्नी छे ने?" नीलाबेन म्हणाल्या.

"आहे. पण तिच्याबरोबर आणखी सात जणांना शिकवते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सात जणा? सिस्टर, एक रूल तो तमेज बनाव्यो छे."

"बनवला मीच. मोडतेही मीच."

"जवाबदारी कोनी?"

"मारी," मी म्हणाले, म्हणजे माझी. माझं गुजराती तसं कामचलाऊच, पण हा शब्द नीट येतो.

लूमच्या सुट्टीच्या दिवशी सातही जण आले. आंघोळ करून, भांग पाडून, लग्नाला आल्यासारखे. मी आधी खिसे रिकामे करायला लावले. टेबलावर गुटख्याच्या पुड्या आणि माव्याचे पुडके यांचा ढीग झाला. "ज्याने ह्याचा गाल खाल्ला तेच खिशात घेऊन ह्याला सांभाळणार?" सगळे जमिनीकडे बघत होते. मला वाटलं, मी सात संसार वाचवले. प्रत्यक्षात दोघांनी सोडलं. नाना आजही खातो, फक्त माझ्यासमोर खात नाही.

मग शिकवणी. हात धुवा. नाकाशी नळीवर खूण आहे ती जागेवर आहे का बघा. पेशंटला बसवा, आडवं नाही. सिरिंज हळू. शेवटी पाणी, म्हणजे नळी चोंदत नाही. नंतर अर्धा तास झोपू द्यायचं नाही. खोकला सुटला किंवा खूण हलली तर काही न देता इकडे आणायचं. शेवटचं सगळ्यात महत्त्वाचं. केमोने रक्तातल्या पांढऱ्या पेशी कमी होतात, तेव्हा साधा तापही पेशंटला नेऊ शकतो. थर्मामीटरने शंभर दाखवलं की विचार करायचा नाही, चहा प्यायचा नाही, निघायचं.

परीक्षाही घेतली. सुरेखा पहिली आली. भटू पास. नाना नळीला पाणी द्यायचं विसरला आणि वर म्हणाला, ऐकू आलं नाही. मी त्याला नापास केला. "तू फक्त बसायचं. नळीला हात लावायचा नाही."

"बसतो," नाना म्हणाला. "बसणं भी कामच शे."

वाल्मीक पुन्हा बमरोलीच्या खोलीत गेला. सुरेखा सकाळी येऊन दुपारची पाळी करायची आणि रात्री मावशीकडे जाऊन झोपायची. चार दिवसांत तिचा चेहरा तिच्या कार्डावरच्या फोटोसारखा दिसायला लागला. पाळी बदलताना ते एकमेकांना काय सांगतात, ते ऐकायचा हट्ट मी धरला नाही. वजनकाटा बोलत होता. आधी थांबला, मग थोडा वर सरकला. मास्क तोच चालला.

आणि मग एका रविवारी दुपारी, मी घरी पापडाचं पीठ कुटत असताना फोन आला. नाना. तो फोनवर बोलतो म्हणजे शेजारचा कुत्रा उठतो.

"सिस्टर, एकशे एक. रिक्षात बसलो. दोन तास झाले थरथरतोय. आधी वाटलं थंडी, मग तापाचा काटा लावला. सकाळपासून नळीने तीनदा गेलं, शेवटचं दिलं नाही, खोकत होता म्हणून. शुक्रवारी केमो झाली."

रविवारी सुरेखाला सुट्टी असायची. पाळीवर त्या वेळी तोच एकटा होता, नापास झालेला. पुन्हा परीक्षा घ्यायची तर नापास कोणाला करायचं याचा मी अजून विचार करते.

मी पीठ तसंच टाकून हॉस्पिटलला फोन केला आणि स्वतःही निघाले. वाल्मीक पोचला तेव्हा इमर्जन्सीत रक्त काढायची तयारी होती. पांढऱ्या पेशी खूप खाली. ताबडतोब अँटिबायोटिक सुरू झालं. ड्यूटीवरच्या डॉक्टरने सांगितलं, संध्याकाळपर्यंत वाट पाहिली असती तर काही सांगता आलं नसतं. नाना बाहेर बाकावर बसला होता, हातात तो थर्मामीटर, अजून आकडा वाचत असल्यासारखा उभा धरलेला. मी विचारलं, "घाबरलास?"

"नही," तो म्हणाला. मग थर्मामीटर खिशात ठेवत, "घाबरनू. पन आधी निघनू, मग घाबरनू."

एक केमो चुकली, पण रेडिएशनचे थोडेच दिवस बुडाले. ते नीलाबेननी पुढे भरून काढले. शेवटच्या दिवशी वाल्मीक मशीनवरून उठला तेव्हा बाहेर सगळे नव्हते. चौघे लूमवर होते, त्यांना रजा मिळाली नाही. नळी पुढे काही आठवड्यांनी निघाली. आता तो तपासणीला येतो, त्याचं तोंड दोन बोटं उघडतं, तिखट चालत नाही, याचं त्याला मरणाइतकं दुःख आहे. सुरेखा मुलांना घेऊन सुरतेलाच राहते आणि घरी साड्यांना टिकल्या लावायचं काम करते. वाल्मीक पुन्हा लूमवर जातो, पण दिवसपाळीच घेतो.

मी रिटायर झाले. माझ्या जागी आलेल्या सिस्टर कधी फोन करतात, पेशंटचा नातेवाईक कसा असावा म्हणून. मी नियम सांगत नाही, अनुभव सांगते. पेशंटजवळ बसणारा माणूस आधी झोप झालेला असावा. मग सख्खा असला तरी चालेल.