कासारीण आणि बहिरा शिंपी

हात हातात घेतला की ती हाताकडे कधी बघायचीच नाही. अंगठा तळव्यात दुमडायची, बोटांच्या मुळाशी असलेली हाडं एकावर एक सरकवायची, आणि नजर मात्र अंगणातल्या कोंबड्यांवर. कोंबडीनं चार दाणे टिपावेत तोवर मनगटात बारा बांगड्या. कुणी म्हटलं, "मावशी, बघून भर, काच लागंल," तर म्हणायची, "बगायचं कशाला? तोंड काय बी सांगतंय. हात खोटं बोलत न्हाई."

दर बुधवारी ती औंधाकडून यायची, खांद्यावर बांगड्यांच्या माळा घेऊन. अख्खं गाव तिला मावशी म्हणे. तिचं नाव मला ठाऊक नव्हतं. चार वर्षं तिच्याशी इतकं बोलले, पण नाव विचारायचं सुचलं नाही. त्यावरूनच ओळखा, मी किती चौकस होते ते.

माझे वडील शाळामास्तर, त्यामुळे मी सातवी पास. सातवी पास सून आणली याचा सासऱ्यांना अभिमान होता आणि सासूबाईंना घोर. आमचे हे लष्करात. रजेवर येताना इतरांचे नवरे लुगडी आणत. हे पुण्याच्या स्टेशनावरून रहस्यकथांची पातळ पुस्तकं आणत. गल्लीतल्या बांगड्या भरून झाल्या की मावशी आमच्या सोप्यात भाकरी खायला टेकायची, आणि मी वाचून दाखवायची. सासूबाई आत डोळे मिटून पडायच्या. ऐन रंगात आल्यावर आतून आवाज यायचा, "मग त्यो मेला कशानं?"

त्या पुस्तकांत गुप्त पोलीसही तऱ्हेतऱ्हेचे. एक टोपीवाला होता, खिशात पिस्तूल, तोंडात चिरूट. तो आला की मावशी हात झाडायची. "ह्यो नगं. ह्याला बगितल्यावर चोर पळणारच की. त्यो बहिरा शिंपी काड."

बहिरा शिंपी तिचा जीव की प्राण. पेठेत दुकान, ऐकू शून्य, पण ओठांवरून बोलणं ओळखायचा आणि अंगाची मापं घेता घेता कुणाच्या पोटात काय आहे ते काढायचा. औषधं चुकणारा एक वैद्य होता, आणि एक बुवा होते. त्यांना स्वतःच्याच कीर्तनात डुलकी लागायची आणि जागे होताच खुनी सापडायचा. हे दोघेही तिला चालत. पण शिंप्याची सर कुणाला नाही. "शिंप्याम्होरं कोन सावध ऱ्हातंय, सांग की," ती म्हणायची.

मी पहिल्या पाचदहा पानांतच निकाल लावायची. "नोकरानंच मारलं."

"गरिबावर लय लौकर जातीस गं तू, लेकी."

आणि शेवटी निघायचा सख्खा भाऊ, नाहीतर दिवाणजी. मावशीला तो मध्यावरच कळलेला असायचा. भाकरीचा घास ती सावकाश चघळायला लागली की मला ते समजायचं. पण कितीही खोदा, ती सांगायची नाही. "समजलं म्हून लगीच बोलायचं आसतं व्हय?"

घरातही तिचं तेच. एकदा सासूबाईंचं लोणी रोज थोडं थोडं कमी व्हायला लागलं. मी बोक्यावर आळ घेतला. बिचाऱ्याला पोत्यात घालून ओढ्यापलीकडे सोडून आलो. बुधवारी मावशीनं आम्हा सगळ्यांना बांगड्या भरल्या. माझ्या धाकट्या नणंदेचा हात हातात घेतला आणि कोंबड्यांकडे बघत एवढंच म्हणाली, "आक्का, आज हिला तेलाचं बोट लागलं न्हाई बगा. आपसूक गेल्या." सासूबाई हो हो म्हणाल्या, मीही हो हो म्हणाले. नणंद तेवढी लाल झाली, आणि दुसऱ्या दिवसापासून लोणी कमी व्हायचं थांबलं. मला उलगडा व्हायला चार दिवस लागले. तोवर बोका आपल्या पायांनी परत आला होता.

लढाईचं चौथं वर्ष होतं. ह्यांची पलटण ब्रह्मदेशाकडे गेली होती. दोन महिने पत्र नव्हतं, पण तसं पूर्वीही व्हायचं. इकडे त्याच नणंदेचं लग्न ठरलं. मुलगाही शिपाईगडी, रजा मोजून पंधरा दिवसांची.

लग्नाआधी आठ दिवस सासऱ्यांच्या हातात तार पडली. हे गेले होते.

सुतक धरलं तर लग्न राहिलं, आणि नवरा मुलगा एकदा आघाडीवर गेला की परत कधी, कुणी सांगावं? सासरे आणि सासूबाई, दोघांनीच ठरवलं: मुलगी सासरी जाईपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही. मलाही नाही. पोटच्या पोराची तार आढ्यात खोचून त्या माउलीनं हळदीची गाणी म्हटली. हे मला नंतर कळलं. तेव्हा मी काय बघत होते, ते ऐका.

कधी गोड न बोलणाऱ्या सासूबाई माझ्या भाकरीवर साय घालायला लागल्या. पहाटे जात्यावर बसले की हाताला धरून उठवत, "ऱ्हाऊ दे, नीज." सासऱ्यांनी चावडीवर जाणं बंद केलं. जेवताना अर्धी भाकरी ताटातच ठेवत. मी या सगळ्याचा कसा अर्थ लावला म्हणता? पोरीच्या लग्नाची काळजी. आणि माझी किंमत अखेर घराला कळली. सातवी पास, हो.

बुधवारी मावशी चुडे भरायला आली. सगळ्या बायका सोप्यात दाटीनं बसलेल्या. तिनं आधी सासूबाईंचा हात घेतला. त्यांनी तो लगेच ओढून घेतला. "मला नगं. माज्या सुनंला भर. चांगल्या कोपरापतुर भर."

ज्या बाईनं कधी चार बांगड्या जास्त घेऊ दिल्या नव्हत्या, ती हे म्हणत होती. बायका हसल्या. मी तर सगळ्यांत मोठ्यानं.

मावशी हसली नाही. सासूबाईंकडे बघत राहिली, मग माझा हात घेतला. त्या दिवशी ती कोंबड्यांकडे बघत नव्हती. माझ्या हाताकडे बघत होती. माझ्या मनगटाला सव्वादोनची बांगडी लागायची. तिनं हातातली माळ खाली ठेवली आणि दुसरी, अडीचची, सोडली.

"मावशी, ढिल्या होत्यात की," मी म्हटलं. "म्हातारी झालीस. हात बसंना तुझा."

"आसू दे," ती म्हणाली. "लगनाचं घर हाय. कामाला बऱ्या."

तुम्ही बांगड्या भरताना पाहिलं असेल, कासारणीचा सगळा मान घट्ट बांगडीत असतो. मनगटात अशी बसवायची की हात झाडला तरी हलू नये. तिनं भरलेली ढिली बांगडी आयुष्यात कुणी पाहिली नव्हती. मी चारचौघींत तिची थट्टा केली. तिनं ती ऐकून घेतली, भाकरीला थांबली नाही, आणि माळा उचलून गेली.

लग्न झालं. ढिल्या बांगड्या मागे सारत मी हिरव्यागार हातांनी फुगडी घातली. बायकांनी अडवलं तेव्हा उखाण्यात नाव घेतलं. मांडवभर हशा पिकला.

वरात गेली, चौथ्या दिवशी मला सांगितलं.

त्यानंतरचं मी फारसं लिहिणार नाही. एवढंच सांगते. आमच्या चुलतसासूच्या दोन्ही मनगटांवर पांढरे वण होते. पंधराव्या वर्षी तिच्या बांगड्या दगडानं फोडल्या होत्या, काच आत गेली होती. आता तीच दगड घेऊन माझ्यापुढे बसली. पाट मांडला. "ठिव हात," म्हणाली. मी अंगठा तळव्यात मिटून हात खाली सोडला, आणि बांगड्या सरसर सरकत पाटावर आल्या. एकही फुटली नाही. दुसऱ्या हाताच्याही तशाच. चुलतसासू वर उचललेला दगड तसाच धरून बसली. "कुनी भरल्या गं ह्या?" तिनं विचारलं.

मग त्या परसात नेऊन फोडल्या. आवाज मला ऐकू आला. माझ्या मनगटाला ओरखडाही नव्हता. आजही नाही.

मावशीला कळलं होतं. सासूबाईंच्या एका वाक्यावरून, त्यांनी ओढून घेतलेल्या हातावरून कळलं होतं, आणि ती बोलली नव्हती. मला तिचा राग आला. सासूबाईंचा आला नाही, तेवढा तिचा आला. सासरच्या गावात एकटी तीच माझी होती, आणि तिनं मला मेलेल्या माणसाचं नाव घेऊन हसू दिलं. सांगितलं असतं तर काय झालं असतं? दहा दिवस आधी रडले असते. ते दहा दिवस तिनं मला दिले की माझ्याकडून घेतले, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

विधवेच्या दारात कासारीण थांबत नाही. पण गल्लीत ती यायचीच. "बांगड्या घ्या वो, बांगड्याऽऽ" ही हाक मारुतीच्या देवळापासून ऐकू यायची. आमच्या भिंतीशी आली की हाक बंद. नुसती पावलं वाजायची, माळा हातानं दाबून धरलेल्या, काच वाजू नये म्हणून. आमचा गोठा मागे पडला की हाक पुन्हा सुरू.

मी आत बसून ऐकायची. उठून दारात जायला चार पावलं. "मावशी, ये, टेक जरा," एवढंच म्हणायचं. राग केव्हाच गेला होता. मग लाज वाटायला लागली, इतके दिवस का थांबलीस, असं ती विचारील म्हणून. आज हाक मारीन, पुढच्या बुधवारी मारीन, असं करत दोन वर्षं गेली.

एका बुधवारी हाक आली ती थांबलीच नाही. आमच्या दारासमोर, अगदी मोकळ्या गळ्यानं, "बांगड्याऽऽ".

मी धावत दारात गेले. विशीतली एक पोर उभी होती, खांद्यावर माळा. तिची नजर माझ्या कपाळावर गेली आणि तिनं जीभ चावली.

"मावशी?" मी विचारलं.

"पंचमीच्या आदीच गेल्या. मी त्यांची सून." ती मागं सरली. "आवं आक्का, चुकलं माजं. सासूनं सांगितलं हुतं, एका दाराम्होरं हाक द्यायची न्हाई. लय येळा सांगितलं. पर कुठलं दार, ते माज्या ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

"हेच," मी म्हटलं.