आई घाई का करत होती

आज सकाळी सुनेला कळा सुरू झाल्या. डॉक्टरबाई फोनवर म्हणाल्या, "अजून घरीच थांबा." पण माझी म्हातारी आई "आत्ताच निघा" म्हणून हटून बसली. मी तिच्यावर खेकसले, "तुला काय कळतं!"

ती हळूच म्हणाली, "तुझ्याआधी मला एक मुलगी झाली होती."

साठच्या दशकातली गोष्ट. "पुरुष माणसं जेवत होती, म्हणून लाजेनं मी बोललेच नाही. मग घोड्याचा जटका, म्हणजे टांगा, मिळेपर्यंत उशीर झाला. ती रडलीच नाही."

आम्ही लगेच निघालो. दवाखान्यातली कानडी नर्स हसली, "स्वल्प लवकर आलात, अक्का."

संध्याकाळी नात झाली, ठणठणीत. पण मला आईकडे बघवत नाही. जन्मभर मी तिला भित्री म्हणत आले.

तुम्ही कधी आईला विचारलंत, ती कशाला घाबरते?