मागच्या सीटची घरघर
नव्या गुळाचा वास आला की मला दारातली ती हटून बसलेली गाडी आठवते. सासूबाईंना डोळ्याच्या ऑपरेशनला न्यायचं होतं. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, स्टार्टरही फिरत होता, पण इंजिन काही सुरू होईना. शेजारचे भाऊजी म्हणाले, “ढकलूया की वैनी.” मी म्हटलं, “काय बिघडलंय ते कळल्याशिवाय कुणी हात लावायचा न्हाय.” किल्ली फिरवून मी मागच्या सीटला कान लावला. तिथून पेट्रोलच्या पंपाची रोजची घरघर येत नव्हती. सीट उचलली, तर पंपाची वायर उंदरानं कुरतडलेली. तारा सोलल्या, पीळ देऊन जोडल्या, टेप गुंडाळली आणि गाडी सुरू झाली. सासूबाई आजही माझ्या कानाचं कौतुक करतात. आदल्या दिवशी गुऱ्हाळावरून आणलेली गुळाची ढेप त्याच सीटखाली मीच विसरले होते, हे त्यांना अजून ठाऊक नाही.