अक्काचे तीन दिवस

अक्का माणसाच्या तोंडाकडे आधी बघत नसे, पायांकडे बघायची. लग्न होऊन मी या घरात आले, तेव्हा माप ओलांडायच्या आधीच ती सगळ्या बायांसमोर म्हणाली, "नवरी डावा पाय जपून टाकायलीय. काटा मोडलाय का चप्पल चावायलीय?" चप्पल नवी होती आणि टाचेला फोड आला होता. मी ते माझ्या आईलाही सांगितलं नव्हतं. अक्काने मला बाजूला बसवून फोडाला खोबरेल लावलं आणि स्वतःची जुनी चप्पल माझ्या पायात घातली. माझी नवी चप्पल पुढे महिनाभर तिनेच वापरली आणि मऊ करून मला परत दिली.

ती माझी थोरली जाऊ. आमची वस्ती पेडगावच्या शिवारात आहे. दोघा भावांचं एकत्र घर, थोडी कोरडवाहू जमीन आणि साठ-सत्तर मेंढरं. जमीन भावांची होती, पण मेंढरं अक्काची, असंच सगळे धरून चालायचे. मेंढरं कोंडायच्या जाळीला आम्ही वाघर म्हणतो. दिवस मावळताना ती वाघरीच्या तोंडाशी उकिडवी बसायची आणि एकेक जनावर आत जाताना त्याचे पाय बघायची. मी एकदा विचारलं, "अक्का, तोंड न्हाई का बघायचं?" ती म्हणाली, "बोलणारं खोटं बोलतंय. चालणारं कसं खोटं चालंल?"

एका पाटीचं, म्हणजे अजून न व्यालेल्या तरण्या मेंढीचं, तिने असंच सांगितलं होतं. ती चांगली चरत होती, पण मान थोडी उजवीकडे कलती ठेवायची. अक्का म्हणाली, "हिच्या डोसक्यात पाणी धरायलंय. महिन्यात गरगर फिरंल." भासरे, म्हणजे अक्काचे मालक, हसले. म्हणाले, "मग तिला चष्मा लाव." तीन आठवड्यांनी ती पाटी एकाच जागी गोल फिरायला लागली आणि फिरून फिरून पडली. त्यानंतर अक्का जनावराबद्दल काही बोलली की भासरे वाद घालत नसत.

पडलेल्या जनावरासाठी तिचा एक नियम होता. लोखंडी सळई तापवून कानशिलाला डाग द्यायचा, लिंबाच्या सावलीत ठेवायचं आणि तीन दिवस हात लावायचा नाही. "पाणी बी कोंबायचं न्हाई. जगायचं आसंल तर तिसऱ्या दिशी उठतंय."

"अन् न्हाई उठलं तर?"

"तर तुझ्या भासऱ्याला मटण."

खूप जनावरं उठली, हे खरं आहे. आजूबाजूच्या वस्त्यांवरून लोक तिला बोलवायला यायचे. उठलेली मेंढरं आम्ही नावानिशी सांगायचो. न उठलेली कुणी आठवणीत ठेवली नाहीत. हे मला आता कळतं.

स्वतःच्या शरीराचं तिला काही वाटत नसे. आरोग्य केंद्राच्या आशाताईंनी अंगणवाडीत सगळ्या बायांचं बीपी तपासलं, तेव्हा अक्काचं फार जास्त निघालं. गोळ्या मिळाल्या. त्या तिने पदराच्या गाठीत बांधल्या आणि गाठ काही सोडली नाही. मी म्हटलं, "अक्का, रोज एक खा म्हणल्यात." ती म्हणाली, "दुखत कायच न्हाई, तर गोळी कशाची? तू चौथी शिकलीस ना, वाच बरं गोळीवर माझं नाव हाय का."

त्याच दिवशी आशाताईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. मी मागे भिंतीला टेकून बसले होते. पुढे बसायची मला भीती वाटते, कुणी काही विचारेल म्हणून. त्या म्हणाल्या, माणसाचं तोंड एकाएकी वाकडं झालं, एक हात किंवा पाय गळाला, बोलणं बोबडं झालं, एका डोळ्याला एकदम दिसेनासं झालं, तर आधी घड्याळ बघायचं आणि लगेच मोठ्या दवाखान्यात निघायचं. चार-साडेचार तासांच्या आत पोचलं तर इलाज असतो, पण तिथं तपासणीलाही वेळ लागतो, म्हणून शेवटच्या तासाची वाट बघायची नाही. तोंडात पाणी, औषध काही घालायचं नाही. मग बोट वर करून म्हणाल्या, "आन् घटकाभरात बरं वाटलं तरी निघायचंच. तो इशारा असतोय." अक्का माझ्या शेजारीच होती. ती दारातून जाणाऱ्या कुणाच्या तरी शेळीकडे बघत होती.

कोकरं व्हायचे दिवस आले. एका सकाळी आम्ही दोघीच वाघरीत होतो. पुरुष रानात गेले होते. एक मेंढी पिलाला जवळ घेत नव्हती, म्हणून अक्का कोकरू उचलून तिच्या कासेला लावत होती. कोकरू तिच्या उजव्या हातातून खाली पडलं. तिने पुन्हा उचललं, पुन्हा पडलं. ती मला काहीतरी म्हणाली, पण शब्द एकमेकांत गुंतलेले होते. मला वाटलं मस्करी करतेय, आणि मी हसले. मग तिने मान वळवली. तोंडाची उजवी बाजू खाली आली होती आणि कोपऱ्यातून लाळ गळत होती.

मी तिला धरून बसवलं. चुलीवरच्या डाळीला कढ येईल एवढाच वेळ गेला असेल. तोंड सरळ झालं, हात उचलला गेला. ती बोटं उघडून मिटून बघत म्हणाली, "रात्री हातावर झोपले आसंल. मुंग्या आल्त्या."

"अक्का, आशाताई म्हणल्या हुत्या की..."

"आशाताईनं कधी मेंढरू राखलंय का? उठले ना मी? पडलेलं उठलं की बरं झालं."

"मालकांकरवी भासऱ्यांना सांगू का?"

तेव्हा तिने माझं मनगट धरलं. धरलं ते डाव्या हाताने. "धाकटे, ह्यांना कळलं तर मला घरात बसिवतील अन् मेंढरं इकतील. दोन वर्सं झाली, चारा न्हाई, गायरान न्हाई, इकू इकू करायलेत. तू बोलू नको." मग हसून म्हणाली, "तसं बी तू कुठं बोलतीस."

मी बोलले नाही. तिचं ऐकलं, असं मी मनाला सांगितलं. पण मला बोलायची भीती वाटत होती, आणि तिने नको म्हटल्यावर सुटल्यासारखं झालं. खरं ते एवढंच आहे.

त्यानंतर वीस-बावीस दिवस गेले असतील. पहाटे मी वाघरीकडे गेले तेव्हा अक्का जाळीला लागून पडली होती. डोळे उघडे होते. उजवा हात आणि उजवा पाय ओल्या घोंगड्यासारखे जड झाले होते. मी मोबाईल काढून बघितलं, पाच वाजून चाळीस मिनिटं झाली होती. आधी घड्याळ बघायचं, हे माझ्या लक्षात होतं.

भासऱ्यांनी तिला घोंगड्यावर घेऊन लिंबाखाली आणलं. त्यांना तिचं वाईट करायचं नव्हतं. ते माझ्या मालकांना म्हणाले, "वारं गेलं हिच्या अंगावरून. हिचाच नेम हाय. तीन दिस सावलीत ठिवायचं." शेजारच्या वस्तीवरचा म्हातारा आला, तोही म्हणाला, "तिनं माझा एडका तसाच उठिवलाय." सळई तापवली. तिचीच सळई. भासऱ्यांनी दोन्ही कानशिलांना डाग दिला. अक्काने आवाज केला नाही, फक्त डावा पाय आखडून घेतला.

मी घरात चुलीपाशी उभी होते. माझे मालक पाणी प्यायला आले तेव्हा मी हळूच म्हटलं, "परभणीला नेलं पाहिजे. आशाताई म्हणल्या हुत्या, चार तास."

"दादा बघायलेत ना."

"तुमी म्हणा की त्यांना."

"आन् काय म्हणू? बायकोनं सांगितलं म्हणू?" ते तांब्या ठेवून बाहेर गेले.

आमच्यात धाकट्या सुनेने भासऱ्यांसमोर बोलायचं नसतं. पदर पुढे ओढून बाजूने जायचं. लग्नानंतरच्या चौदा वर्षांत मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नव्हते. मी मोबाईल बघत होते. सात वाजले, नऊ वाजले. दहा वाजून दहा मिनिटांनी साडेचार तास झाले. मी भाकरी थापत होते.

दुसऱ्या दिवशी तिला ताप आला आणि छाती घरघरायला लागली. तिसऱ्या दिवशी सकाळी भासरे तिच्याजवळ जाऊन बसले आणि म्हणाले, "उठ की गं. तिसरा दिस हाय." ते दोनदा म्हणाले. मग एकदम उठले आणि गाडी बोलवायला धावले.

परभणीच्या दवाखान्यात एक तरुण डॉक्टर होते. त्यांनी तिच्या डोळ्यांत बॅटरी मारून बघितली, हात उचलून सोडला आणि विचारलं, "कधी झालं हे?"

भासरे म्हणाले, "आज. आज पहाटं."

"नक्की आज? झोपेतून उठवताना दिसलं का डोळ्यादेखत झालं?"

"आजच. पहाटं."

डॉक्टरांनी भिंतीवरचं घड्याळ बघितलं आणि नर्सला म्हणाले, "लगेच डोक्याचा फोटो काढा. वेळेत असेल तर इंजेक्शन देता येईल." ते भराभर बोलत होते. भासऱ्यांच्या तोंडावर जरा उजेड आला. मग डॉक्टर अक्काच्या कानशिलावर वाकले. तिथे खपली धरली होती. त्यांनी विचारलं, "हा डाग कधीचा आहे? मला खरी वेळ सांगा. या इंजेक्शनने गुठळी विरघळते, पण उशिरा दिलं तर मेंदूत रक्त सुटतं. माणूस त्यानेच जाऊ शकतं."

भासरे जमिनीकडे बघत होते. मी पदरातून बोलले, "परवा. पाच चाळीसला."

माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. माझ्या मालकांनी माझा दंड दाबला. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "बरं केलंत बाई, खरं सांगितलंत." ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी फोटो काढला, सलाईन लावली, छातीची औषधं चालू केली. इंजेक्शन मात्र दिलं नाही.

अक्का जगली. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. एक शब्द तेवढा उरला, "चल." पाणी पाहिजे असलं तरी चल, दुखलं तरी चल, भासरे दिसले तरी चल. डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिला सगळं समजतं, फक्त शब्द बाहेर येत नाहीत. ते ऐकून मला धीर आला नाही.

भासरे भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे, "सुई तयार हुती. धाकटीच्या जिभेनं ऱ्हायली." बाया माझ्याकडे बघायच्या. एक जण विहिरीवर म्हणाली, "चौदा वर्सं मुकी हुती, अन् तोंड उघडलं ते असं." मी घागर भरून घरी आले. मी खरं बोलले नसते तर अक्का त्याच खाटेवर गेली असती, हे मला माहीत आहे. पण विहिरीवर ते कसं सांगायचं?

महिन्याभरात मेंढरं विकली. अक्काची बाज अंगणात होती. टेम्पोत एकेक मेंढरू चढवत होते, आणि ती डाव्या कोपरावर जोर देऊन त्यांचे पाय बघत होती. एकदम म्हणाली, "चल. चल, चल." मेंढरांनी आवाज ओळखला आणि वर चढलेली परत खाली उड्या मारायला लागली. माणसांनी त्यांना पुन्हा धरून चढवलं. नंतर भासरे गोठ्यात जाऊन बसले, ते जेवायलाही आले नाहीत.

ती सात महिने तशी होती. मी तिला न्हाऊ घालायची, कुशीवर वळवायची, चमच्याने पेज भरवायची. एकदा अंग पुसताना मी तिला सांगितलं, "अक्का, त्या पहिल्या सकाळी मी सांगायला पाहिजे हुतं." ती माझ्याकडे बघत राहिली. डाव्या हाताने तिने माझा हात बाजूला सारला आणि म्हणाली, "चल." ती रागावली होती, की जाऊ दे म्हणत होती, की नुसतं पाणी गार झालं होतं, मला कळलं नाही. मी पुन्हा तो विषय काढला नाही. मृगाच्या तोंडावर ती गेली. घास घशात अडकून छाती भरली होती.

भासरे अजून माझ्या हातचं पाणी घेत नाहीत. दवाखान्यात मी बोलले, त्याचा हा राग आहे. त्याआधी जे बोलले नाही, ते त्यांना माहीतच नाही. ते मी हे लिहितेय त्या वहीतच आहे.

कोकरू हातातून पडलं तेव्हा आठ वाजले असतील. साडेआठला आमच्या फाट्यावर परभणीची एसटी थांबते. अक्का तेव्हा स्वतःच्या पायांनी चालत होती, फाट्यापर्यंत सहज गेली असती. मी वाघरीतून एसटी आलेली बघितली आणि गेलेलीही बघितली.