बिराजदार सरांची निळी वही

मुलाचा प्रोग्रॅम चुकला की बिराजदार सरांचा आनंद गगनात मावायचा नाही. "लई भारी चुकलास की! बस हितं, कसं चुकलास ते सांग," म्हणत ते स्टूल पुढं ओढायचे. पोरगं आधी बिचकायचं, मग घडाघडा बोलायला लागायचं. सर निळ्या वहीत वर पोराचं नाव लिहायचे आणि खाली दोन रकाने पाडायचे. डावीकडे 'पोराला वाटलं', उजवीकडे 'झालं'.

सोलापुरातल्या आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मी त्यांची विद्यार्थिनी होते, पुढं त्यांच्याच लॅबमध्ये शिकवायला लागले. सर मूळचे मंगळवेढ्याचे. नवशिकी मुलं प्रोग्रॅम लिहिताना का चुकतात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय. "पोरी, बरोबर उत्तर पाठ करता येतंय. चूक मात्र ज्याची त्यालाच करावी लागती," असं म्हणायचे. मुलांच्या चुकांनी भरलेल्या प्रॅक्टिकलच्या जर्नलांची दोन कपाटं त्यांनी वर्षानुवर्षं जपली होती. स्टाफरूममध्ये त्यावरून त्यांची यथेच्छ टिंगल व्हायची. मीही करायचे.

मग पुण्याच्या एका संस्थेनं याच कामासाठी त्यांना बोलावलं. जन्माचं सोनं व्हायची वेळ आली होती! पण आमच्याकडे रुजू होताना मूळ प्रमाणपत्रं ऑफिसात जमा करून घेत, आणि एकदा गेली की ती लोखंडी कपाटातून बाहेर येत नसत. त्यांच्याशिवाय पुण्यात रुजू होता येईना. प्राचार्य गोड बोलले, "तपासणी समिती येऊन जाऊ द्या. तिच्या फायली तेवढ्या तुम्ही करा, मग खुशाल जा."

समितीला जर्नलं निर्दोष दिसायला हवीत, असं वरून ठरलं. म्हणजे मुलांनी सगळी जर्नलं नव्यानं उतरवायची आणि जुनी रद्दीत घालायची. हुकूम निघाला तो सरांच्याच सहीनं. मी भडकले. "सर, तुमचं सगळं संशोधन आहे त्यात!"

ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "न्हाय म्हटलं तर कागद मिळत न्हाईत. वही हाय की माझ्याजवळ." मूळ जर्नलांशिवाय त्या वहीला कोण विचारणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. रद्दीचा टेम्पो गेला त्या दिवशी त्यांनी जेवणाचा डबा उघडलाच नाही.

समिती खूश होऊन गेली. दुसऱ्या दिवशी सर प्रमाणपत्रं मागायला गेले, तेव्हा मी सोबत होते. प्राचार्यांनी त्यांच्या हातावर पेढा ठेवला. "अहो, इतकं नेटकं काम करणाऱ्या माणसाला आता कसं सोडू? पुढची समितीही तुम्हीच सांभाळायची." सर "व्हय" म्हणाले आणि पेढा तसाच हातात धरून बाहेर आले. पुण्याच्या संस्थेनं दोन महिने वाट पाहिली आणि दुसरा माणूस घेतला.

मला त्या प्राचार्यांचा अजून संताप येतो. त्या "व्हय"चाही येतो.

मी मात्र सुटले. रुजू होतानाच सरांनी मला बजावलं होतं, "मूळ कागद देऊ नकोस, माहेरी राहिल्यात म्हण." पुढं लातूरला नोकरी लागली. निरोप घ्यायला गेले तेव्हा ते पुढच्या समितीच्या फायलींना लेबलं चिकटवत होते. त्यांनी निळी वही माझ्या हातात दिली. "घेऊन जा. तिथली पोरंबी चुकतीलच की."

एसटीत बसल्यावर मी शेवटचं पान उघडलं. पोराचं नाव: शिवशरण बिराजदार. डावीकडे, 'काम चोख केलं की सोडतील.' उजवीकडे, 'काम चोख केलं म्हणून ठेवून घेतलं.'