होळीवर चढलेली गोणी

मागच्या वेळी तुम्ही दोघं नाशिकला आलात तेव्हा गॅलरीतल्या माझ्या गोणीला खूप हसला होतात. घंटागाडी रोज सकाळी येते, ओला कचरा घेते, सुका घेते, मग आजीची ही तिसरी गोणी कशाला, असं धाकटीने विचारलं होतं. त्या गोणीत जे असतं ते घंटागाडीत टाकण्यासारखं नसतं. रिमोटचे संपलेले सेल, डासांच्या स्प्रेचे डबे, गोळ्यांची रिकामी पाकिटं, मेलेले चार्जर. शिवाय हॉटेलातून जेवण मागवलं की येणारे ते काळे पार्सलचे डबे, धुऊन, पुसून, एकात एक बसवलेले. गंगापूर रोडवरच्या एका सभागृहात अधूनमधून एखाद्या रविवारी अशा वस्तू गोळा करतात आणि ज्याच्या त्याच्या कारखान्याकडे पाठवतात. तो रविवार येईपर्यंत वस्तू माझ्याकडे मुक्कामाला असतात.

थोरल्या, तुझी पॉवर बँकही त्यात होती. तू उशीखाली विसरून गेलास ती. यंदा उन्हं लवकर तापली आणि ती फुगायला लागली. मी तिच्या तोंडाला चिकटपट्टी लावली, तिला एका पार्सलच्या डब्यात ठेवलं आणि झाकण दाबून बसवलं. काही दिवसांनी पाहिलं तर झाकण आपोआप उचललं गेलं होतं. तव्यावर पोळी टम्म फुगते तशी ती झाली होती. अशा वस्तूला टोचलं किंवा तापवलं तर ती पेट घेते, हे मी वाचलेलं होतं. म्हणून मी त्या रविवाराची वाट पाहत होते.

होळी त्याच्या आधी आली.

आपल्याकडे घरातलं मोडकं लाकूडसामान होळीला द्यायची पद्धत आहे. फाटकं सूप, तुटका पाट, वेताची जुनी टोपली. ते गेलं म्हणजे घरातली पीडा गेली असं मानतात. आम्हीही यंदा तसं सामान काढलं. तुमच्या बाबाच्या कॅरम बोर्डाच्या चौकटीसकट ते दुसऱ्या गोणीत भरलं. दोन्ही गोण्या कांद्याच्या, तळमजल्यावरच्या शेजारीणबाईंनी दिलेल्या. त्यांचं माहेर देवळ्याकडचं आहे, तिकडून दर वर्षी कांदा येतो आणि रिकाम्या गोण्या त्या मला देतात. मी दोन्हींची तोंडं सारख्याच सुतळीने, सारख्याच गाठीने बांधली. लाकडाची गोणी डावीकडे ठेवली, दुसरी उजवीकडे.

होळीच्या दुपारी मी पुरण वाटत होते. सोसायटीचे सेक्रेटरी गोणी न्यायला आले, दार तुमच्या आजोबांनी उघडलं. मला आतून एवढंच ऐकू आलं की गोणी जड आहे, लिफ्टपर्यंत दोघं मिळून धरू. मीच आजोबांना सकाळी सांगून ठेवलं होतं, डावीकडची. पण मी सांगितलं होतं स्वयंपाकघराकडून गॅलरीत जाताना डावीकडची. आजोबा नेहमी पलीकडच्या टोकाला असलेल्या बेडरूमच्या दाराने गॅलरीत जातात.

संध्याकाळी नैवेद्याचं ताट तयार झालं. ओटा आवरताना मी एक धुतलेला पार्सलचा डबा घेऊन गॅलरीत गेले, माझ्या गोणीची गाठ सोडली आणि आत हात घातला. हाताला सुपाची कड लागली.

मी कठड्यावरून खाली पाहिलं. होळी रचून झाली होती. मधोमध एरंडाची फांदी आणि ऊस, भोवती लाकडं, त्याबाहेर गोवऱ्यांची चळत, त्याबाहेर रांगोळी. गोणी कुठेच दिसत नव्हती, म्हणजे ती तळाशी होती. बायका पाण्याची धार धरून फेऱ्या घालत होत्या. सगळ्यांत पुढे तळमजल्यावरच्या बाई होत्या आणि त्यांच्या कडेवर त्यांचा नातू होता. त्या बाळाची ती पहिली होळी. गळ्यात साखरेच्या गाठींचा हार, हातात साखरेची कडी. त्यांच्याकडे पहिल्या होळीला बाळाला पेटत्या होळीभोवती फिरवतात, आणि होळी पेटल्यावर सगळ्यांत आधी फिरवतात.

लिफ्ट वरच्या मजल्यावर अडकली होती. मी कठडा धरून जिना उतरले. गुडघ्याचं त्या वेळी काही आठवलं नाही. आठवत होते ते स्प्रेचे डबे, कारण गोणीत मीच ते एकेक मोजून ठेवले होते. आणि त्या सगळ्याच्या मधे ती फुगलेली पॉवर बँक.

खाली पोहोचले तेव्हा पूजा संपली होती. सेक्रेटरींच्या हातात चिमट्यात धरलेली गोवरी होती आणि त्यांनी तिच्यावर कापूर ठेवायला घेतला होता. मी सांगितलं की चुकीची गोणी आली आहे, तिच्यात सेल आणि गॅस भरलेले स्प्रेचे डबे आहेत, ती काढावी लागेल. त्यांनी हसून आजोबांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले की मी तर डावीकडचीच दिली. मी म्हटलं, लाकूड अजून वर गॅलरीत आहे, मी आत्ता हात लावून आले. आजोबांचा चेहरा पडला. ते हळूच दोन पावलं होळीकडे सरकले.

सेक्रेटरी म्हणाले, "वहिनी, एखादा डबा फुटला तर फुटला. पोरं तरी फटाके वेगळे कुठे आणतात?"

चार लोक हसले. मी समजावायला लागले की तो फटाक्यासारखा वर जात नाही, कुठेही उडतो, आणि बॅटरीची आग पाण्याने सहज विझत नाही. पण एवढ्या गर्दीत असलं बोलणं कोण ऐकतं? मुलं बोंबा मारत होती. मग तळमजल्यावरच्या बाई पुढे आल्या.

"ताई, पूजा झाली ना आता. होळीवर चढलेलं माघारी घेत नाय. आमच्यात नायच घेत. माझ्या नातवाची पयली होळी हाय, तुम्ही तिला मोडायला लावता?"

त्या रागावल्या नव्हत्या. घाबरल्या होत्या. मोडलेली होळी, तीही पहिली, हा बाळाला अपशकुन. त्यांच्या मुलाच्या लग्नाला बरीच वर्षं झाल्यावर हे बाळ झालं होतं, वणीच्या देवीला नवस बोलून. मला ते सगळं माहीत होतं. म्हणूनच माझ्या तोंडी 'स्फोट' हा शब्द आला आणि मी तो गिळला.

कापूर पेटला. सेक्रेटरींनी गोवरी वर धरली आणि सगळ्यांना मागे सरकायला सांगितलं. कोणी सरकलं नाही, उलट सगळे पुढे आले, कारण पहिली ज्वाळा जवळून पाहायची असते.

तेव्हा मी रांगोळी ओलांडली आणि होळीला टेकून, गोवऱ्यांच्या काठावर बसले. नऊवारीत नव्हते, साधी सुती साडी होती, तरी बसायला वेळ लागला. बोंबा थांबल्या.

"वहिनी, होलिकेची जागा यंदा भरली म्हणायची," सेक्रेटरी म्हणाले. पण या वेळी कोणी हसलं नाही. त्यांच्या चिमट्यातली गोवरी धुमसत होती आणि ती कुठे ठेवावी हे त्यांना कळत नव्हतं. त्यांनी ती शेवटी पाण्याच्या तांब्याजवळ जमिनीवर ठेवली.

मी तळमजल्यावरच्या बाईंकडे पाहून बोलले. बाकी कोणाला काही सांगायचं नव्हतंच.

"तुम्ही म्हणाल तर मी उठते. पण आधी बाळाला जिन्यात घेऊन जा. मग पेटवा."

मला वाटतं मला उठवायला त्या पुढे येणार होत्या. पण त्यांची सून, जी इतका वेळ मागे ताट धरून उभी होती, तिने ताट खाली ठेवलं, सासूच्या कडेवरून बाळ उचललं आणि सरळ जिन्यात जाऊन उभी राहिली. तिथून तिने फक्त मान हलवली, नाही अशी. सासूने तिला दोनदा हाक मारली. ती आली नाही.

बाई जिन्याकडे पाहत होत्या. बाळ नसलेली पहिली होळी पेटवून काय उपयोग, हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी पदर खोचला.

"मोडा. परत रचू. पूजाबी परत करू."

पहिली गोवरी त्यांनीच काढली, आधी तिला हात जोडून. मग आजोबांनी मला हात देऊन उठवलं, आणि ते आणि सेक्रेटरी लाकडं बाजूला काढू लागले. गोणी अगदी तळाशी, आडवी होती. वर एक जाड ओंडका होता. ती ओढताना तिचा कोपरा उसवला आणि पार्सलचे डबे घरंगळत बाहेर आले. त्यांतल्या एकाचं झाकण गायब होतं. आत तुझी पॉवर बँक. तिच्या एका बाजूला ओंडक्याच्या टोकाने खळगा पडला होता आणि कसलातरी गोडसर, नेलपॉलिशसारखा वास येत होता.

सेक्रेटरी वाकून पाहत होते. ते सरळ झाले आणि म्हणाले, "सगळे मागे." या वेळी सगळे सरकले.

मी कुंडीतली माती मागितली. कोणीतरी अख्खी कुंडीच आणून दिली. तिच्यात तुळस नव्हती, शेवंती होती, एवढं मी पाहून घेतलं. पॉवर बँक मातीत घालून कुंडी कंपाउंडच्या भिंतीपाशी, गाड्यांपासून दूर नेऊन ठेवली. आजोबा तिच्याजवळ खुर्ची टाकून बसले. होळी परत रचली, परत पूजा झाली, आणि पेटली तेव्हा अंधार पडला होता. एरंडाची फांदी तडकली की सगळे माझ्याकडे पाहत. मी दर वेळी सांगत होते की ते लाकूड आहे.

बाळाला फिरवलं. बाई त्याला बाहेरच्या कडेवर घेऊन चालत होत्या, ज्वाळेच्या बाजूला स्वतः, आणि नजर सारखी तळाकडे. नैवेद्याची पोळी मी त्यांच्या हातात दिली तर ती त्यांनी घेतली, पण माझ्याकडे न पाहता.

पुढचे काही दिवस तसेच गेले. सकाळी घंटागाडीपाशी आम्ही दोघी बादली घेऊन उभ्या असायचो आणि त्या सुनेशी बोलत राहायच्या. दुसऱ्यांदा पूजलेली होळी लागू पडते का, हे त्यांनी माहेरी फोन करून विचारल्याचं सुनेने मला जिन्यात सांगितलं. माहेरून काय उत्तर आलं ते तिलाही कळलं नव्हतं. बाळाला त्या आठवड्यात साधं पडसं झालं असतं तरी ते माझ्याच नावावर गेलं असतं. सुदैवाने झालं नाही.

रविवारी सकाळी मी आणि आजोबा निघालो. गोणी रिक्षात पायाशी होती. पॉवर बँक कुंडीतून काढून वाळू भरलेल्या पत्र्याच्या डब्यात घातली होती आणि तो डबा मी मांडीवर घेतला होता. फाटकाशी बाई बाळाला उन्हात घेऊन उभ्या होत्या. रिक्षा त्यांच्यापाशी हळू झाली. त्यांनी डब्याकडे पाहिलं.

"ते फुगलेलं चाललं का?"

मी हो म्हटलं. त्यांनी बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं, रिक्षापासून लांबच्या. मग कमरेची पिशवी चाचपली, तिच्यातून चटणीची एक छोटी प्लास्टिकची डबी काढली आणि हात लांब करून माझ्या हातात दिली. आत बाळाच्या खुळखुळ्यातले चपटे सेल होते. डबी स्वच्छ धुतलेली होती, पण झाकण घट्ट लागत नव्हतं, म्हणून त्यांनी त्याला सुतळी बांधली होती.

"हे पन न्या," त्या म्हणाल्या, आणि रिक्षा दिसेनाशी होईपर्यंत फाटकातच उभ्या राहिल्या.